पॉलिश खरवडलेली गिटार

आमच्या पथनाट्यात गिटार वाजवणाऱ्याला पॉलिश सोसत नाही. हात लागला की बोटं सुजतात, पुरळ उठतं. म्हणून त्यानं आपल्या गिटारच्या दांडीवरचं सगळं पॉलिश काचेनं खरवडून काढलंय. उघडं लाकूड घाम पितं, पावसाळ्यात फुगतं, मग तो दर गाण्याआधी तारा पिळत बसतो आणि आम्ही ताटकळतो. कोणी बोललंच तर म्हणतो, "गाणं थांबते भाऊ, खाज नाही थांबत."

घाटंजीच्या बाजारात आमचा विषय फवारणीचा होता. कपाशी फवारून मजूर दवाखान्यात पडत होते आणि वरून त्यांनाच निष्काळजी म्हटलं जात होतं. त्या दिवशी आमच्या गिटारवाल्याची बोटं सुजलेलीच होती. मी त्याचा हात वर धरला आणि माईकवर म्हणालो, "बघा, फवारणीनं काय केलं ते."

तो माईककडे वाकला. "फवारणीचं नाही हे. काल दुसऱ्याची गिटार वाजवली, तिच्या पालिशचं आहे."

लोक हसले. माझं डोकं फिरलं. पुढेच बसलेल्या एका मजुराचे हात खरोखर फवारणीनं सोलले होते. मी त्याला उभं राहायला सांगितलं. त्यानं हात दुपट्ट्यात लपवले, कारण त्याचा मालक चहाच्या टपरीवर उभा होता. सगळा बाजार त्या मजुराकडे बघू लागला. मी पुन्हा हाक मारणार, तोच गिटारवाल्यानं लग्नातल्या नाचाचं गाणं सुरू केलं. माना त्याच्याकडे वळल्या.

मजूर उठून गर्दीत दिसेनासा होईपर्यंत तो वाजवत राहिला.