बाबा खुर्चीवर बसले होते

आसगाव सोडलं त्या सकाळी बाबांच्या हातांना मासळीचा वास येत नव्हता. मला कळतं तेव्हापासून असं पहिल्यांदाच झालं होतं. आठ दिवस ते तलावात उतरले नव्हते. रोज आंघोळीआधी चिंचेच्या कोळाने कोपरापर्यंत हात घासायचे, मग राखेने, मग परत चिंचेने, आणि आईच्या नाकापुढे धरून विचारायचे, "आता येते का वास?" आई म्हणायची, "मले काय समजते? माह्या नाकात त जनमभराचा भरला हाय." एसटीच्या टपावर आमची ट्रंक चढली. माझी बायको सुमन खिडकीशी बसली आणि बाबा धुतलेलं धोतर सावरत माझ्या बाजूला. परीक्षेला निघालेल्या पोरासारखे हात मांडीवर ठेवून गप्प होते.

परीक्षाच होती. भंडाऱ्याला भाड्याची खोली मिळवायची.

आपल्या तलावकाठच्या लोकांनो, तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जे नागपूरला, भिलाईला गेले त्यांना यातलं अर्धं माहीतच असेल. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मला भंडाऱ्याला कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती आणि सुमनला सातवा महिना होता. आमचं पहिलं मूल दवाखाना गाठायच्या आत बैलबंडीतच गेलं होतं. या खेपेला काहीही झालं तरी दवाखान्याजवळ राहायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तीन ठिकाणी खोली पाहिली. तिन्ही ठिकाणी वडील काय करतात म्हणून विचारलं, तलावात मासे धरतात असं मी सांगितलं, आणि तिन्ही खोल्या एकाएकी मालकांच्या पुतण्यांना लागल्या. भंडाऱ्यात एवढे पुतणे असतील असं मला वाटलं नव्हतं.

चौथी खोली दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत होती. घरमालक निवृत्त गुरुजी, घरची धानाची शेती. "घरचं मोठं माणूस सोबत आणा. दोन गोष्टी विचारतो, मग बघू," एवढंच म्हणाले. त्या दोन गोष्टी खरं तर चार असतात, हे कचेरीतल्या जुन्या कारकुनाने मला आधीच सांगून ठेवलं. घरात काय खाता, पाहुणे किती येतात, पाणी किती लागतं आणि वडील काय करतात.

मग आमच्या घरी तालीम सुरू झाली. बाबा खाटेवर मालक होऊन बसायचे, मांडीवर विणायला घेतलेलं जाळं, आणि आम्ही दोघं पुढ्यात उभे.

"तुमचे वडील काय करतेत जी?"

"मासे..."

"आं! धानाची शेती करतेत, असं सांग ना. आपला गाव धानाचाच हाय. त्यात लबाडी कोनती?"

"आणि जात विचारली तर?"

जाळ्यावरचा त्यांचा हात थांबला. "तवाचं तवा पाहू. शेती म्हटलं का कोनी पुढचं विचारत नाही."

सुमनने ट्रंक तीन दिवस उन्हात ठेवली, लुगडी रिठ्याने धुतली, मासे रांधायचं मडकं आईकडेच सोडलं. बाबांनी स्वतःला एकच काम लावून घेतलं. तिथे तोंड उघडायचं नाही, नुसती मान हलवायची.

गुरुजींच्या पडवीत दोन खुर्च्या होत्या. आम्ही ट्रंक अंगणात ठेवली. गुरुजी एका खुर्चीवर होते, दुसरीकडे त्यांनी बाबांना हात केला. बाबा कडेवर टेकले. मी ओळख करून देणार तेवढ्यात गुरुजींनी पावसाचा विषय काढला.

"यंदा पावसानं दगा दिला बघा. धान निसवायला आलं अन् बांधीत पाणी नाही. तुमच्या गावचा तलाव मोठा आहे म्हणतात. कधी सोडून राहिले पाणी?"

कोणताही धानवाला म्हणाला असता, सोडायला पाहिजे लवकर. बाबांना पाण्याचं विचारलं होतं, आणि पाण्याबद्दल बाबांना गप्प राहता येत नसे.

"सोडू नाही पाहिजे जी! तलाव तळाले गेला का मच्छीची बारकी पिल्लं, सारं बोटुकलं मरते. या शेतीवाल्यायले सांगून सांगून थकलो आमी, पन आयकते कोन?"

बाबांनी स्वतःचंच बोलणं ऐकलं आणि हात धोतरात लपवले. गुरुजी माझ्याकडे वळले. "हे वडील ना तुमचे?"

मला खुंटीवरची खोलीची किल्ली दिसत होती. पोटावर हात ठेवून उभी असलेली सुमन दिसत होती.

"नाही," मी म्हणालो. "गावचे आहेत. सामान उतरवायला सोबत आले. वडिलांना ताप आला आहे."

आठ दिवसांच्या तालमीत हे खोटं कुठेच नव्हतं. ते मी एकट्याने, जागच्या जागी केलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हाव जी," म्हणाले, "मी त सामानासाठी आलो," आणि खुर्चीवरून उठून पायरीवर जाऊन बसले. पुढचे सगळे प्रश्न ठरल्याप्रमाणे आले, सगळी उत्तरं बरोबर गेली. चहा आला. आम्हाला कपबशीत, बाबांना कान तुटलेल्या कपात. मग त्यांनी ट्रंक खांद्यावर घेतली, खोलीत नेऊन ठेवली, सुमनला म्हणाले, "जड बाल्टी उचलू नको, पोरी." मला बाजूला घेऊन म्हणाले, "बरं केलं, बाबू. मीच उगा बोललो." आणि जेवणासाठी न थांबता परत गेले.

त्याच गल्लीत माझी मुलगी सुखरूप जन्मली. म्हणून तरी मला पश्चात्ताप नसावा, असं मी पुष्कळदा स्वतःला समजावलं आहे. जमलं नाही. नऊ वर्षं आम्ही तिथे राहिलो. बाबा तांदूळ घेऊन यायचे ते एसटी स्टँडपर्यंत, नातीला तिथल्याच बाकावर मांडीवर घ्यायचे आणि परतीची गाडी धरायचे. घरी चला म्हटलं की म्हणायचे, "मालक पुसन, ताप उतरला का म्हनून." आणि हसायचे. मला हसता यायचं नाही.

मागल्या साली मी भंडाऱ्यातच दोन खोल्यांचं स्वतःचं घर बांधलं. बाबा त्याच्या आदल्या वर्षी गेले. वास्तूला गुरुजी आले, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोपुढे थांबले. "अरे, हे तर तुमचं सामान घेऊन आलेले..."

"माझे वडील आहेत, गुरुजी."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. आई तिथेच बसली होती. तिने विचारलं, "कोनतं सामान, बाबू?"

बाबांनी तिला सांगितलंच नव्हतं. गुरुजी गेल्यावर मी सगळं सांगितलं. तिने उठून फोटोवरचा हार सरळ केला.

"मले त वापस येऊन म्हनत होते, पोराले खोली भेटली. मालकानं मले खुर्चीवर बसवलं, म्हने, चहा पाजला."

खोटं नव्हतं ते. थोडा वेळ बसले होते.

माझ्या घराच्या पडवीत आता चार खुर्च्या आहेत. तुमच्यापैकी कोणी भंडाऱ्याला आलात तर सरळ या. अंगाला तलावाचा वास असेल तर तसेच या, हात घासू नका. कोणी येऊन बसलं की मला वाटतं, हे आपलं घर आहे. ते उठले की खुर्ची रिकामी होते, आणि मग माझ्याने तिच्याकडे पाहवत नाही.