उसामीसानचा उजवा डोळा

उसामी एईजी थकले होते, आणि ते त्यांना कबूल नव्हतं. चौसष्टाव्या वर्षी, एकेचाळीस वर्षांच्या नोकरीनंतर माणूस थकला तर कोण हसणार आहे? पण हा गृहस्थ रोज सकाळी साडेआठला शिकोकूतल्या त्या विद्यापीठाच्या तळमजल्यावरची दगड कापायची खोली उघडायचा, गुडघे कुरकुरले की गुडघ्यांनाच शिव्या द्यायचा आणि चाकासमोर बसायचा. मार्चअखेर कायमचं घरी जायचं होतं. तोवर काढायचे दिवस, एवढंच.

काम म्हणाल तर दगडाचे काप करण्याचं. समुद्रतळाची अवाढव्य लादी वर्षाला दोन-तीन बोटं अशी आपल्या पायाखाली सरकत असते. कधीकाळी खोल जाऊन परत वर आलेला तिचा एखादा तुकडा इथल्या डोंगरात सापडतो. तो चिरायचा, काचेवर चिकटवायचा आणि कुरुंदाच्या पुडीवर घासत घासत इतका पातळ करायचा की दगडातून उजेड आरपार जावा. तीन शतांश मिलिमीटर. वरच्या मजल्यावरच्या भूगर्भवाल्यांना त्यात लादीचा प्रवास वाचायचा असतो. प्रकाशवाल्यांना उजेड कसा वाकतो ते मोजायचं असतं. आणि रसायनवाल्यांना तर दगडाच्या अंगाला पाण्याचा रेणू कसा चिकटतो यातच जन्म काढायचा असतो. या तिघांचं आपसात एकाही गोष्टीवर जमत नाही, पण काप तिघांचेही खालून येतात.

जाडी मोजायला यंत्र होतं. उसामीसाननी ते कपाटावर टाकून दिलं होतं. "यंत्र खोटं बोलेल, गारगोटी नाही बोलणार," असं ते म्हणत. सूक्ष्मदर्शकाच्या उजेडात गारगोटीचा कण राखाडी-पांढरा दिसला की काप झाला. पिवळट दिसला तर जाड आहे, अजून घास. काळपट झाला तर विषय संपला, दगड पाण्याबरोबर मोरीत गेला.

त्यांच्या हाताखाली योशिनागा नावाची सेहेचाळीस वर्षांची बाई नऊ वर्षं काम करत होती. दरवर्षी कराराचा कागद नवा, बाई तीच. संध्याकाळी सगळे घरी गेले तरी तिचा दिवा चालूच. "हात संथ आहे हो तिचा," उसामीसान चारचौघांत सांगत. ऑक्टोबरात कात्सुमाता प्राध्यापकांनी विचारलं, तुमच्यानंतर खोली कुणी सांभाळायची ते लिहून द्या. उसामीसाननी सुवाच्य अक्षरात लिहिलं: हात स्वच्छ, पण फार संथ. एकटीने सांभाळण्याइतकी तयारी नाही. लिहिताना जरा वाईट वाटलं. पण कामाच्या बाबतीत भीडभाड ठेवायची नाही, हा त्यांचा बाणा.

नोव्हेंबरात उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते बायकोला, हात्सुएला म्हणाले, "नवा शर्ट आणलास वाटतं? पांढराशुभ्र आहे."

"सहा वर्षांचा आहे तो," हात्सुए म्हणाली.

"आणि तुझ्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या कुठून आल्या?"

"त्या पण सहा वर्षांच्याच आहेत. आता दिसतंय ना, मग भांडी नीट घासत जा."

सोमवारी ते कामावर गेले. ऑपरेशनच्या आधी केलेले पाच काप योशिनागाकडे द्यायचे राहून टेबलाच्या खणात तसेच पडले होते. वर पाठवण्याआधी सहज म्हणून सूक्ष्मदर्शकाला उजवा डोळा लावला. गारगोटी पिवळी. वाळल्या गवतासारखी पिवळी. दुसरा काप घेतला, तिसरा घेतला. मग उजवा मिटून डावा लावला. पांढरी! पुन्हा उजवा. पिवळी!

डाव्यात मोतीबिंदू अजून तसाच होता; सगळंच पिवळट बघायची सवय झालेल्या त्या डोळ्याला खरा पिवळाही पांढरा वाटत होता, आणि इतकी वर्षं उजव्यालाही तसंच दिसत होतं. म्हणजे इतकी वर्षं काप जाड जात होते. त्यावरून लोकांनी निबंध लिहिले, मोजमापं छापली. दिव्याखाली अंधार तो हाच.

योशिनागा अजून आली नव्हती. ते जिना चढून वर गेले, कापांचं कपाट उघडलं आणि मागच्या तीन-चार वर्षांचे, आपलं नाव लावलेले वीसेक काप काढून उजव्या डोळ्याने एकेक पाहिले. सगळे पांढरे होते. नमुनेदार, एकही जाड नाही. क्षणभर त्यांना हायसं वाटलं. मग त्यांनी काचेच्या कडा उजेडात धरल्या. उसामीसानचा शेवटचा हात गोल फिरतो. इथे कडेवरचे ओरखडे सरळ होते, खाली-वर, खाली-वर. भाकरी कुणी थापली ते काठावरून कळतं, तसा हा योशिनागाचा हात हे त्यांना कळलं.

ते खाली आले तेव्हा योशिनागा एप्रन बांधत होती.

"हे कधीपासून चाललंय?" त्यांनी काप पुढे धरला.

तिने आढेवेढे घेतले नाहीत. "चार वर्षं झाली. आधी दहात एखादा असायचा. मग सगळेच."

"तोंड शिवलं होतं का तुझं? सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं एकदा. तुम्ही म्हणालात, आधी स्वतःचे डोळे तपासून ये."

त्यांना आठवलं. वर हसलेही होते.

"कात्सुमाता सेन्सेईंना माहीत आहे?"

"सगळ्यांनाच माहीत आहे. सेन्सेई म्हणाले, झाकली मूठ राहू दे. उसामीसानची वर्षं तरी किती राहिलीत."

"म्हणजे तू संध्याकाळी थांबायचीस ते..."

"माझे काप दुपारीच व्हायचे," ती म्हणाली आणि नळ सोडून हात धुवायला लागली.

उसामीसान पुन्हा जिना चढले. गुडघे बोलत होते, पण आज त्यांना शिव्या देण्याइतकंही त्राण नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"सेन्सेई, माझी ती चिठ्ठी फाडून टाका. मी दुसरी देतो. चार वर्षांचे काप तिच्या हातचे आहेत, असं सहीनिशी लिहितो."

कात्सुमाता खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. "ती चिठ्ठी तर ऑक्टोबरातच ऑफिसला गेली."

"तुम्हाला खरं माहीत असून पाठवलीत?"

"मी उलट लिहिलं असतं तर ऑफिसने का म्हणून विचारलं असतं, उसामीसान. तुमच्या डोळ्याचं सांगावं लागलं असतं. जाता जाता तुमचा अपमान कुणाला करायचा होता?"

"मग आज सांगा! मीच सांगतो!"

"उशीर झाला हो. गेल्या आठवड्यात निर्णय आला. माणूस तयार नाही म्हणून मार्चनंतर खोली बंद. काप बाहेरच्या कंपनीकडून करून घ्यायचे. योशिनागांनाही करार पुढे नसल्याचं पत्र गेलंय." कात्सुमातांनी मान खाली घातली. "आम्ही तुम्हाला सांभाळायला गेलो."

खाली येताना उसामीसान जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी वाकून नमस्कार केले, त्यांनी ते घेतले. आपण थकलो आहोत, चार वर्षांपूर्वीच थकलो होतो, हे तेव्हा म्हटलं असतं तर एका बाईची भाकरी शाबूत राहिली असती. एवढा एक विचार डोक्यात होता आणि तो हलत नव्हता.

शेवटी कठडा धरून उठले. खोलीत योशिनागा काचेच्या पाटावर वाकली होती. खणातले पाचही काप तिने काढून समोर मांडले होते. पहिला अर्धा झाला होता.

"तुला पत्र आलंय," ते दारातूनच म्हणाले.

"आलंय. गुरुवारी."

"माझ्यामुळे आलंय ते. मी लिहिलं होतं."

"माहीत आहे."

"मार्चनंतर इथे कुणी फिरकणार नाही. मग हे कशाला घासतेस अजून?"

योशिनागाने काप उजेडात धरून पाहिला आणि पाटावर पाण्याचा आणखी एक थेंब सोडला.

"जाड आहेत ना, उसामीसान."