पॉइंटवरचं नेलपॉलिश

आमच्या वडिलांकडे सात ट्रॅक्टर आहेत आणि त्यांतला एकही शेतात जात नाही. शेत भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरलं जातं. ही गोष्ट मी सहसा कोणाला सांगत नाही. सांगितली की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "मग ठेवले कायले?" या प्रश्नाचं उत्तर मला पन्नाशी ओलांडली तरी देता आलेलं नाही.

उमरेड रोडवर, भिवापूरच्या अलीकडे आमचं शेत. आई-बाबा तिथे राहतात, मी नागपुरात. शेतावरचं घर दोन खोल्यांचं आणि ट्रॅक्टरची शेड लग्नाच्या हॉलएवढी. घर गळतं, शेड गळत नाही. आईने एकदा खरंच पावसाळ्यात आपली गादी शेडमध्ये नेऊन टाकली होती, तर बाबा म्हणाले, "जरा सरकून टाक, तिथं ऑइल गळते." शेडमध्ये ट्रॅक्टरांशिवाय एक मळणीयंत्र आहे, भुईमूग फोडायची मशीन आहे, पट्ट्याने दुसरी यंत्रं फिरवणारं ऑइल इंजिन आहे, कडबा कापायचं यंत्र आहे, आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली असं एक यंत्र आहे की ते काय करतं हे बाबांनाही माहीत नाही. विचारलं तर म्हणतात, "मिळून राहिलं होतं, आनलं."

आमचे आजोबा मागावर बसायचे. विणकामात पोट भरेना तेव्हा त्यांनी जुना ट्रॅक्टर घेतला आणि गावोगाव भाड्याने नांगरटी केली. तो ट्रॅक्टर शेडमधला सर्वांत म्हातारा. बाकीचे बाबांनी जमवले. कोळसा खाणीच्या लिलावातून, कामठीकडच्या भंगारवाल्याकडून, कोणाच्या गोठ्यामागे बाभळीत अडकलेले. विदर्भात कुठेही ट्रॅक्टर मरून पडला की कसा कोण जाणे, यांना निरोप येतो.

आणि मग माझा रविवार जातो. लहानपणी जायचा तो टॉर्च धरण्यात. "इकडे धर. तिकडे नाई, इकडे. झोपला का बे?" माझे मित्र क्रिकेट खेळत असत आणि मी इंजिनाच्या पोटात उजेड पाडत असे. आता पट्टे, वॉशर, ग्रीस शोधण्यात जातो. म्हातारा ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू होतो आणि मग रॉकेलवर चालतो. आजच्या नागपुरात रॉकेल कुठे मिळतं, हे कोणी मला सांगावं. ऑफिसच्या कपड्यांत मी ज्या ज्या दुकानांत रॉकेल मागितलं, तिथे तिथे लोकांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

हे सगळं मी कधी बाबांना बोललो नाही. मी बोलणारा माणूस नाही. "बघू," म्हणतो आणि जातो.

आमच्या घरचा एक रिवाज आहे. पोळ्याच्या दिवशी गावातले बैल तोरणाखाली जाऊन आले, की आमचे ट्रॅक्टर शेडबाहेर रांगेत लागतात. त्यांनाही हळदीकुंकू, त्यांनाही झेंडूच्या माळा. मग आधी म्हातारा सुरू करायचा, हँडल फिरवून, हाताने. तो सुरू झाला तरच बाकीच्यांना हात लावायचा. तोवर सहाही जण गप्प उभे. गावातली माणसं, पोरंसोरं सगळी बघायला येतात. रिवाज आजोबांनी घातला, बाबांनी पाळला.

मागच्या हिवाळ्यात त्याच हँडलने घात केला. जुन्या इंजिनाचं हँडल कधी कधी उलटं झटका मारतं. बाबांच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. बाबा ऐंशीच्या पुढचे, त्यात रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून झापलं, जसं काही हँडल मीच मारलं होतं. "या वेळेस मनगटावर निभावलं. डोक्याला लागलं तर रक्त थांबणार नाही. त्यांना त्या हँडलला हात लावू देऊ नका."

हे सांगायला काय जातं! प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात बाबा शेडमध्ये.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले?"

"तो डॉक्टर हाये. त्याले ट्रॅक्टरमधलं काय समजते?"

"हाडाचं समजते ना."

"हाड जुडलं माहं. जाय, पेट्रोल आन."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "हँडलच फेकून दे गा तू विहिरीत!" एकदा मी हँडल गाडीच्या डिकीत घालून नागपूरला आणलंही. पुढच्या रविवारी पाहतो तर लोहाराकडून दुसरं बनवून घेतलेलं, पहिल्यापेक्षा लांब. "याच्यानं जोर कमी लागते," मला दाखवत म्हणाले.

मग मी जे केलं ते असं.

म्हाताऱ्याच्या इंजिनाला ठिणगी मॅग्नेटोतून मिळते. त्याचं झाकण काढलं की आत पॉइंट दिसतात, टिकलीएवढे धातूचे दोन तुकडे, एकमेकांना टेकणारे आणि सुटणारे. ते नीट टेकले नाहीत तर ठिणगी नाही, आणि ठिणगी नाही तर तुम्ही संध्याकाळपर्यंत हँडल फिरवा. आता, कोणीही मेकॅनिक पॉइंट साफ करताना बारीक पॉलिश पेपर मारतो. आमच्या घरात तसं करायची सक्त मनाई. पेपरने पॉइंट झिजतात आणि या ट्रॅक्टरचे पॉइंट आता जगात कुठे मिळत नाहीत, म्हणून. आमच्याकडे पेट्रोलचा बोळा फिरवायचा आणि नंतर एक कोरी करकरीत नोट पॉइंटच्या मधून हळूच ओढायची. आजोबांची पद्धत. इतकी वर्षं टॉर्च मीच धरली होती, मला हे माहीत नसेल तर कोणाला?

माझी बायको पितळी बांगड्यांना आतून बिनरंगाचं नेलपॉलिश लावते, हाताला हिरवा डाग पडू नये म्हणून. ते पाहून डोक्यात आलं. मी एका जुन्या बांगडीवर नेलपॉलिश लावलं, वाळवलं, आणि बाल्कनीत बसून पेट्रोलने पुसून पाहिलं. निघालं नाही. नोट घासली. तरी निघालं नाही. बायकोने विचारलं, काय करून राहिले? मी म्हटलं, काही नाही. रागात हात सुटला असता तर तो वेगळा भाग होता. मी आधी प्रयोग केला होता.

पुढच्या रविवारी बाबा जेवून आडवे झाले तेव्हा मी शेडमध्ये गेलो आणि पॉइंटला एकेक थेंब लावून आलो. परतताना उमरेड रोडवर मी गाणी लावली होती. खोटं कशाला सांगू, मला फार हुशार झाल्यासारखं वाटत होतं.

माझा हिशेब सरळ होता. ठिणगी नाही, तर उलटा झटकाही नाही. दोन-चार वेळा फिरवतील, सुरू होणार नाही, कंटाळतील, सोडून देतील. वडील कंटाळतील असा हिशेब मी कशाच्या भरवशावर केला, देव जाणे. अख्खा उन्हाळा ते त्या इंजिनाला लागले. प्लग बदलला. वायरी बदलल्या. टाकी सोडून धुतली. पॉइंट तर रोज पुसले, पेट्रोलने, मग कोऱ्या नोटेने. पेपर मात्र लावला नाही. मीच आणून दिलेल्या चष्म्यातून ते त्या पॉइंटकडे बघत आणि मी शेजारी उभा राहून म्हणत असे, "जाऊ द्या ना आता, जुना झाला."

फिरवणं हळूहळू कमी झालं, हे खरं. पण दुसरंच काही सुरू झालं. एका रविवारी फाटकाचं कुलूप माझ्या हातात देऊन म्हणाले, "तूच लाव. माह्यानं नाई लागत." मग मोपेड चालवणं सोडलं. मग आईला म्हणाले, नखं तू काप. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले. हात थरथरत नव्हते, मी नीट पाहिलं होतं. त्यांचा हातांवरचा भरवसा गेला होता.

"आपलं बोट लावलं की कळत होतं, कुठं काय अडलं," एकदा म्हणाले. "आता बोट लावतो तं काहीच नाई सांगत ते. हात गेला माहा."

मी म्हटलं, "वयच आहे, बाबा." हे मी म्हटलं. हे लिहितानाही मला ते पुसावंसं वाटतंय.

पोळा तोंडावर आला तेव्हा फोन आला. "तो मिहानकडचा रिसॉर्टवाला मांगे लागला होता ना, त्याले बोलाव. सगळे घेऊन जा म्हना."

हा माणूस गेटवर जुने ट्रॅक्टर उभे करायचे म्हणून कधीपासून मागे होता आणि बाबांनी त्याला दोनदा हाकलून दिलं होतं. शेड रिकामी व्हावी, रविवार मोकळा व्हावा, हे तर मला टॉर्च धरायच्या वयापासून हवं होतं. मी "बघू," म्हटलं, फोन ठेवला, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पोळ्याआधीच्या रविवारी तो आला. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाईल. मी आणि बायको आधीच पोचलो होतो. बाबा शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते, उठलेही नाहीत. रिसॉर्टवाला म्हाताऱ्या ट्रॅक्टरभोवती फिरला, फोटो काढले, विचारलं, "काकाजी, ये चालू है क्या?"

"नाई," बाबा म्हणाले. "चालत नाई. पन दिसाले चांगला हाये."

आयुष्यात त्यांच्या तोंडून मी या ट्रॅक्टरबद्दल असं ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "बाबा, त्याच्यात बिघाड नाही."

"मंग?"

"मी नेलपॉलिश लावलंय. पॉइंटला."

"काय लावलं?"

"नेलपॉलिश. बिनरंगाचं."

आई दारात आली. "कोनाले लावलं नेलपॉलिश?" बायकोने तिला हाताने गप्प केलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की बांगडीचा हिशेब तिला त्याच क्षणी लागला.

बाबा उठले. आत जाऊन त्यांनी मॅग्नेटोचं झाकण काढलं, वाकले, अंगठ्याच्या नखाने पॉइंट खरवडला. नखावर पापुद्रा आला. तो उजेडात धरून बघितला.

"पेट्रोलनं निघत नाई हे ठाव होतं तुले?"

"हो."

"करून पायलं होतं?"

"हो. बांगडीवर."

"काहून केलं गा असं?"

मी डॉक्टर म्हणालो, गोळ्या म्हणालो, डोकं म्हणालो. सगळं एकदमच म्हणालो. मग म्हणालो, "आणि मला या ट्रॅक्टरांचा कंटाळा आलाय. लहानपणापासून." हे ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

बाबांनी नखावरचा पापुद्रा फुंकून उडवला. "येवढं डोकं अभ्यासात लावलं असतं तं कलेक्टर झाला असता." मग रिसॉर्टवाल्याकडे वळले. "भाऊ, ट्रॅक्टर राहू द्या. याले घेऊन जा. गेटवर उभा करा. चालत नाई, पन दिसाले चांगला हाये."

तो बिचारा चहा घेऊन निघून गेला. बायकोच्या पर्समध्ये रिमूव्हर होतं. बाबांनी ते मागितलं, माझ्याकडे न बघता, आणि पॉइंट स्वतः पुसले. त्या दिवशी हँडल फिरवलं नाही. शेडला कुलूप लावलं, तेही स्वतःच.

नंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. बाकी सगळ्या जगाशी बोलले. मावशीचा फोन, आत्याचा फोन, कामठीच्या भंगारवाल्याचासुद्धा. "अरे, माह्या घरातच चोर होता! मी इकडं सारं इंजिन खोलून राहिलो, अन् हा बाया लावतात ते लावून बसला!" आई म्हणाली, सांगताना इतके हसतात की ठसका लागतो. त्यांचं जेवणही वाढलं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण ज्या त्या नातेवाइकाने मला फोन करून विचारलं, "कोणत्या कंपनीचं गा?"

पोळ्याला मी गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण घरी बसून फोनची वाट बघणं त्याहून वाईट. बैल येऊन गेले. गाव जमलं. बाबा धुतलेल्या धोतरात, हँडल घेऊन म्हाताऱ्यासमोर. मी पुढे झालो.

"मी फिरवतो."

इतक्या दिवसांतलं पहिलं वाक्य: "तुले नाई जमत. बाजूले हो."

आईने माझा शर्ट ओढला. "धर ना गा त्याहिले!"

मी धरलं नाही. बायकोने गाडीची किल्ली हातात काढून ठेवली होती. पहिल्या फेऱ्याला काही नाही. दुसऱ्याला हँडल उलटं उसळलं आणि माझे डोळे मिटले गेले. उघडले तेव्हा त्यांचा हात शाबूत होता, अंगठा हँडलच्या बाहेर, बोटं सैल, झटका नुसता निसटून गेलेला. तिसऱ्याला म्हातारा खोकला, काळा धूर सोडला आणि लागला. पोरांनी कल्ला केला. मग बाकीचे सहाही सुरू झाले, एकामागून एक, आणि कोणाला कोणाचं ऐकू येईना. बाबा आपला उजवा तळवा उघडून त्याच्याकडे बघत होते. 

गोळ्या चालूच आहेत. डॉक्टर मला अजून झापतात, आणि मी अजून मान हलवतो. हे कधीतरी चुकीचं ठरेल, त्या दिवशी मी स्वतःला काय सांगणार आहे ते मला माहीत नाही. पण पॉइंटला हात लावणार नाही, एवढं नक्की.

काल फोन आला.

"येऊन राहिला का रविवारी?"

"येतो."

"येतानी तो पट्टा आन, ऑइल इंजिनचा. मागच्या वेळेस आनला तो आखूड होता. कामं धड करत जा."

"बरं."

"अन् फाटकावर खिसे दाखवाचे. मंगच आत."