अर्धी शिशी

आज कपाळावर सुंठ उगाळून लावली आणि त्या वासासरशी पंचाहत्तर सालचा रिसोडचा दवाखाना आठवला. कपाळावर सुंठेचा लेप असूनही आईचं डोकं एकाच बाजूनं ठणकत होतं. डॉक्टर म्हणाले, "अर्धशिशी आहे."

"अर्धी कायले? पुरी शिशी द्या," बाबा म्हणाले.

डॉक्टर हसले. शिशी म्हणजे बाटली नव्हे, शीर्ष. अर्ध्या डोक्याचं दुखणं.

पण त्या 'अर्ध'नं बाबांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आजोबा अर्धांगवायूनं गेले होते. घरी जाताना रिठदपर्यंत बैलगाडीत बाबा आईच्या हाताला चिमटे काढत राहिले.

"लागते ना वं?"

"लागते! उरलेलं अर्धं डोकं तुमी खाऊन राह्यले!"

मी खूप हसले होते.

आई गेली त्या दिवशी बाबा स्वतःच्याच हाताला चिमटे काढत बसले होते. मला म्हणाले, "लागतच नाई वं."