आमच्या घरचे मच्छर

माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मच्छरांपायी अडलं होतं. आता सांगताना हसू येतं, तेव्हा नुसता संताप यायचा.

मी आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासते. तापाच्या माणसाचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हिवतापाचे जंतू शोधायचे. आमचं घर इटियाडोह धरणाच्या कालव्याला लागून आहे, त्यामुळे धान भरपूर आणि मच्छरही भरपूर. मला पाहायला लोक बोदलकशाकडून आले. लांबून आलेले, म्हणून मुक्काम केला आणि सकाळी पोहे खाऊन होकार देऊन गेले. मुलगा मला आवडला होता. दिवसभर त्या नळीतून काय दिसतं, असं त्याने विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकलं. आमच्याकडे एवढं कोणी ऐकत नाही.

चौथ्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप आला. पाचव्या दिवशी त्याची आई गाडी करून त्याला थेट माझ्याच केंद्रावर घेऊन आली.

"तुमच्या घरचे मच्छर चावले माह्या पोराले. आता तूच पाय."

होणाऱ्या नवऱ्याचा हात मी पहिल्यांदा धरला तो बोटाला सुई टोचायला. पट्टी पाहिली आणि माझं धाबं दणाणलं. जंतू होतेच, पण त्यांत केळ्याच्या आकाराचेही होते. ते म्हणजे जंतूंमधले नर आणि मादी. माणसाच्या रक्तात ते नुसते हिंडतात. त्यांचं जमतं ते मच्छराच्या पोटात, रक्त पिताना तिथे पोचल्यावर. दहा-बारा दिवसांनी त्यांची प्रजा मच्छराच्या लाळेत उतरते. मग तो ज्याला चावेल, त्याच्या अंगात ती आधी यकृतात, नंतर रक्तात शिरते आणि ताप यायला तितकेच दिवस जातात. केळी दिसायला तर आणखी वेळ लागतो. पाच दिवसांत हे होणं शक्यच नव्हतं. म्हणजे आजार त्याने घरूनच आणला होता.

गप्प बसले असते तर सोयरीक कदाचित टिकली असती. पण मला पट्टीवर दिसलेलं गिळता येत नाही. गोळ्या सुरू केल्या आणि सगळं सांगून टाकलं. तोवर माझे बाबाही येऊन पोचले होते.

"मी म्हनतच होतो!" बाबा छाती काढून म्हणाले. "आमचे मच्छर तसे नाईत. इतके वर्षं झाले, घरात कोनाले ताप नाई."

"मंग आमचे मच्छर काय वाईट हायेत, भाऊ?"

"तुमचे काय ते तुमी जाना. पन तुमच्या पोरानं आमचे बिघडवले."

जगात मच्छरांच्या चारित्र्यावरून मोडणारं पहिलं लग्न माझंच असणार, असं मला वाटलं. मुलगा बाकावर कुडकुडत होता. त्याने हळूच विचारलं, "म्हंजे तुमच्या घरच्यायले आता माह्यापासून होईल?" मी म्हटलं, होऊ शकतं. त्याचा चेहरा उतरला.

त्याच्या आईने मात्र अट घातली. "एक महिना पायतो. तुमच्या घरी कोनाले ताप आला तं मी मानतो, बिमारी आमीच आनली. नाई आला तं तुमचेच मच्छर, तुमाले सवयीचे. मंग सोयरीक नाई."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात सगळे तापाची वाट पाहू लागले. आईने मच्छरदाण्या धुवायच्या म्हणून काढल्या त्या परत बांधल्याच नाहीत. दिवस मावळला की बाबा उघड्या अंगाने गोठ्याशी जाऊन बसत. "चावा रे बापा, माह्या पोरीचं लगन हाये." मी दिवसभर लोकांना जाळीत झोपा म्हणून सांगायची आणि घरी येऊन बापाच्या पाठीवरचे फोड पाहायची. खोटं कशाला बोलू, एक दिवस सकाळी मीही आशेने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं आणि मला वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्याची मला इतकी लाज वाटली की केंद्रावर कामात लक्ष लागेना. याच जातीचा ताप डोक्यात गेलेली माणसं मी पाहिली आहेत. ती सगळीच घरी परतली नाहीत.

दुपारी सुट्टी टाकून घरी आले, चारही बाजांना मच्छरदाण्या बांधल्या, भिंतींवर फवारणी करून घेतली.

"तुले लगन करायचं हाये का नाई?" बाबा ओरडले.

"करायचं हाये. पन तुमी जिते पायजे."

महिना सरला. कोणाला शिंकसुद्धा आली नाही. मायलेक आले, ओसरीवर बसले. बाबांनी मान खाली घातली. मीच सांगितलं, ताप आला नाही, कारण मी जाळ्या बांधल्या.

मुलाची आई माझ्याकडे वळली. "तुले मालूम होतं ना, ताप नाई आला तं लगन मोडन?"

"हो."

"तरी बांधल्या?"

मी मान डोलावली.

ती उठली, आतल्या खोलीत जाऊन बाजेवरच्या जाळीची गाठ हाताने ओढून पाहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "आमच्या घरी सहा बाजा हायेत, पोरी. एकीलेबी जाळी नाई."