अब्दोन सुल्काने पास केलेलं घर

लिमाच्या कोमास भागात कोणी घर घ्यायला निघालं की अब्दोन सुल्काला सोबत न्यायची पद्धत आहे. ही पद्धत त्याने स्वतःच पाडली. त्याचं उभं आयुष्य हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे गेलं. खिळे, नळ, लोखंडी सळया त्याने विकल्या. वीट कधी एकही रचली नाही. निवृत्त झाल्यावर त्याने कानावर पेन्सिल लावली, कमरेला मोजपट्टी अडकवली, आणि गल्लीतले लोक त्याला ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणू लागले. सुरुवातीला चेष्टेने. ती चेष्टा आहे हे त्याला कळलं नाही आणि पुढे लोकही विसरले.

पैसे तो घेत नाही, मान घेतो. दारात थांबून नाक वर करून वास घेतो. भिंतीवर बोटाने टकटक करून कान लावतो. कपाट सरकवायला लावतो, कारण लिमाच्या दमट हवेत भिंतींना खालून लोणा लागतो आणि विकणारे नेमकं तिथेच कपाट ठेवतात. नळ सोडून पाणी कुठवर येतं ते पाहतो. यातलं काहीच चुकीचं नाही. फक्त तो कोणाला काही विचारत नाही. विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करणं, आणि ते त्याच्या इंजिनिअरपणात बसत नाही.

त्याची धाकटी बहीण एर्मेलिंदा बाजाराच्या कोपऱ्यावर पहाटे गाडी लावून क्विनोआची गरम पेज आणि तळलेल्या रताळ्याचे पाव विकते. विधवा बाई. मुलगी यानेथ आणि जावई तिच्याच भाड्याच्या खोलीत, मध्ये पडदा लावून राहत. तिला घर हवं होतं ते एवढ्यासाठीच: खाली आपण, वर स्लॅबवर मुलीचा संसार. आमच्याकडे घर असंच वाढतं. एका पिढीने तळमजला बांधायचा, खांबांच्या सळया वर उघड्या सोडायच्या आणि पुढच्या पिढीने त्यांना धरून वरचा मजला उठवायचा.

एलेउतेरिओ पोमाने विकायला काढलेल्या घराला अशा सळया होत्या. स्वयंपाकघरातून जिना थेट गच्चीवर जात होता. अब्दोन वर गेला, सळयांची जाडी मोजली, एक वाकवून पाहिली आणि तीन मजले आरामात पेलतील असा निकाल दिला. शेजारच्या घरांपेक्षा पोमा जास्त मागत होता. वर बांधायची सोय आहे म्हटल्यावर ते रास्तच आहे, हेही अब्दोनने सांगितलं. पोमा टोपी हातात धरून उभा होता. “साहेबांना जास्त कळतं,” एवढंच तो म्हणाला. खोटं असं तो त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही.

एर्मेलिंदाचं मन तरी शंकेखोर. समोरच्या दुकानातल्या बाईकडे जाऊन चार गोष्टी विचारून येते, असं ती म्हणाली. अब्दोनने तिचं कोपर धरलं.

“विचारत बसलीस की तुला गरज आहे हे त्यांना कळतं. मग भाव चढतो. मी बघितलंय ना?”

त्याने बघितलं होतं. म्हणून तिने घर घेतलं.

सामान लागलं न लागलं तोच दारात विटांचा ट्रक उभा राहिला. सोबत पोमाचा पुतण्या एल्मर आणि त्याचे गवंडी. गच्चीवरची मोकळी हवा त्याने काकाकडून कधीच विकत घेऊन ठेवली होती. आता मजला चढवायला आला होता.

लिमात घर आणि घरावरचं आकाश हे दोन वेगळे माल आहेत. एक एकाला विकता येतो, दुसरा दुसऱ्याला. अर्धं कोमास असं एकमेकांच्या डोक्यावर राहतं. म्हणून घर बघायला गेलेलं शेंबडं पोरही आधी विचारतं, “आणि वरचं कोणाचं?” अब्दोनने विचारलं नव्हतं. जी वस्तू विकायलाच नव्हती तिची जाडी मोजून त्याने तिची किंमत बहिणीला द्यायला लावली होती.

पोमा म्हणाला, कोणी विचारलंच नाही. दुकानातली बाई म्हणाली, एवढा इंजिनिअर सोबत आहे म्हणजे ठाऊकच असेल असं वाटलं. गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि प्रत्येकाने तोंड बंद ठेवलं होतं. शेजारधर्म आमच्याकडे घर विकलं गेल्यावर सुरू होतो.

अब्दोन धावत आला. आधी त्याने विटा तपासल्या आणि कच्च्या भाजल्यात असं जाहीर केलं. मग कोर्टाचं बोलला, नगरपालिकेतल्या ओळखीचं बोलला. एल्मरने कागद पुढे करताच त्याला एक काम आठवलं आणि तो गेला.

एर्मेलिंदा दारातच उभी होती.

“मावशी, वरचं माझं आहे,” एल्मर म्हणाला. “काकाला रीतसर पैसे मोजलेत.”

“तुझंच आहे. मी कुठे नाही म्हणतेय?”

“मग माणसांना वर जाऊ द्या.”

“जिना माझ्या स्वयंपाकघरात आहे, बाळा. तू आकाश घेतलंस ना? मग आकाशातूनच जा.”

गवंडी हसले आणि विटांवर बसले. एल्मरने गल्लीकडे पाहिलं. तिथे बाहेरून जिना काढायला हातभरसुद्धा जागा नव्हती. घेताना त्यानेही सळयाच मोजल्या होत्या. वर जायचं कुठून, हे त्यालाही सुचलं नव्हतं.

विटा आठवडाभर रस्त्यात पडून होत्या. एल्मर आधी चढ्या आवाजात बोलला, मग आईला घेऊन आला, मग एकटाच आला. एर्मेलिंदाची मागणी बदलली नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या, बोळाकडच्या भिंतीला दार पाडून जिना त्याला वापरू देईन. बदल्यात वरची मागची एक खोली यानेथच्या नावावर, नोटरीसमोर. शेवटी तेच झालं. पैसे पूर्ण मजल्याचे गेले होते, हाती एक खोली आली. निदान मध्ये पडदा लावायची गरज उरली नाही.

हे मिटल्यावर अब्दोन पुन्हा गल्लीत दिसू लागला. जिना आतून आहे हे बघूनच आपण होकार दिला होता, असं तो सांगत फिरला. लोकांनी मान डोलावली. त्यानंतर तो आणखी दोन घरं पाहून आला म्हणतात.

एल्मरने स्लॅब टाकला त्या दिवशी रिवाजाप्रमाणे सगळ्या गल्लीला जेवण होतं: सुकवलेल्या बटाट्यांचा डुकराच्या मटणातला रस्सा आणि बिअर. एर्मेलिंदा वाढत होती. अब्दोन आला आणि सरळ जिन्याकडे निघाला.

“दादा, वर तुझं काय काम?”

“बघतो जरा, स्लॅबला ढाळ नीट दिलाय का.”

“वर एल्मरचं घर आहे आणि माझ्या मुलीची खोली आहे. दोघांनीही तुला बोलावलेलं नाही. खाली बस, जेवून जा.”

चार माणसं ऐकत होती. तो बसला, जेवला आणि रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला.