केळी पिकवायच्या खोलीतला रेडिओ

गेल्या आठवड्यात गावातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला. आपलं रेडिओ स्टेशन बंद होऊन बरीच वर्षं झाली, तर त्याच्या आठवणींचा एक कार्यक्रम करू या. खाली लगेच जोडलेले हात, दिवे, फुलं आणि एकामागून एक उमाळे. ‘वो भी क्या दिन थे.’ ‘आपल्या शहराचा आवाज होता तो.’ ज्यांनी एक दिवसही तो रेडिओ लावला नाही, ती माणसं गळे काढत होती. हे मी अंदाजाने म्हणत नाही. मला ते पक्कं ठाऊक आहे, आणि कसं ठाऊक आहे तेही सांगते.

मग आयोजकांपैकी एकाचा फोन आला. तिथला मराठी कार्यक्रम मी करत असे, म्हणून मी दोन शब्द बोलावेत. शिवाय एका जुन्या श्रोत्याला शाल-श्रीफळ द्यायचं होतं, तर कोणी आठवतं का, असं त्याने विचारलं. अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, सल्लागार तर पायलीला पन्नास होते. ऐकणारा तेवढा कोणाला सापडत नव्हता. विचार करून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला.

ज्यांनी ते स्टेशन पाहिलं नाही त्यांना आधी इमारत समजावून सांगायला हवी. मध्य प्रदेशातल्या आमच्या बुरहानपुरात, निंबोला गावाच्या रस्त्याला एका केळी व्यापाऱ्याचं मोठं शेड होतं, आणि त्यात केळी पिकवायच्या बंद खोल्या होत्या. आमच्याकडे सगळे त्यांना चेंबरच म्हणतात. हिरवे घड आत रचायचे, दार लावायचं, गॅस आणि गारवा सोडायचा, आणि काही दिवसांनी पिवळी केळी बाहेर काढायची. भिंती हातभर जाड, आतून-बाहेरून पत्रा आणि मधे फोम. खिडकी नाही. दार बँकेच्या तिजोरीला शोभेल असं. हा व्यापारी रेडिओ चालवणाऱ्या आमच्या संस्थेचा अध्यक्ष होता. स्टुडिओ बांधायला फार खर्च येतो असं कळल्यावर त्याने त्यातला एक चेंबर देऊन टाकला. बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही, आणखी काय पाहिजे, असं तो म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आतला आवाज बाहेर जात नाही हे रेडिओ स्टेशनचं कौतुक कसं काय, हे कोणालाच खटकलं नाही.

उरलेल्या चेंबरांत केळी पिकतच होती. माझ्या साड्यांना त्या काळात कायम पिकल्या केळ्यांचा वास यायचा. माइकवर चिलटं बसायची. पंखा लावला तर त्याची घरघर माइकमधून जायची, म्हणून तो बंद ठेवायचा, आणि अर्ध्या तासाने घाम पुसत, दार ढकलून हवेला बाहेर यायचं. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना मात्र ही सगळी गंमत वाटली. त्यांनी फोटो काढले, आमच्याकडच्या दराबा मिठाईचे पुडे घेतले आणि गेले.

त्या इमारतीची खरी तऱ्हा वेगळीच होती. त्या पत्र्याच्या डब्यात रेडिओ लागतच नसे. स्टुडिओत नाही, शेजारच्या ऑफिसातही नाही. म्हणजे अख्ख्या बुरहानपुरात आमचं स्टेशन जिथे लागत नव्हतं अशी जागा म्हणजे आमचं स्टेशन. त्यावर संस्थेच्या समितीने तोडगा काढला. स्टुडिओतून एक वायर थेट ऑफिसातल्या स्पीकरला जोडली. आत कोणी बोललं की अध्यक्षांच्या टेबलाशेजारी आवाज खणखणीत यायचा. येणारे-जाणारे खुर्चीत बसून चहा पीत तो ऐकायचे आणि मान डोलवायचे. हवेतून तो आवाज कुठे पोहोचतो का, हे बघायला कोणी गेलं नाही. भाषणात मात्र निंबोल्याच्याही पलीकडे पोहोचतो असं ठोकून द्यायचे. खरं तर गावातलंच लालबाग ओलांडलं की खरखर सुरू व्हायची.

माझी शाळेतली नोकरी संपली होती. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं, तेव्हा समितीला मीच आठवले. ‘मराठी का भी थोडा रख लेते हैं,’ असं ठरलं आणि मला दुपारची वेळ मिळाली, शहर जेवून आडवं होतं ती. मी कुरकुर केली नाही. आजूबाजूच्या बायकांकडून ऐकलेल्या गोष्टी, मुलांचे निबंध, केळीवरच्या करपा रोगाला काय करावं, मांडे कसे लाटावेत, जे जमेल ते मी मन लावून लिहायचे आणि वाचायचे. मला मानधन नको होतं, सत्कार नको होता. कोणीतरी ऐकावं, एवढी एकच हाव होती. मुलांसमोर बोलण्याची सवय झालेल्या बाईला भिंतीशी बोलायला लावलं की काय होतं ते तिलाच कळतं.

आणि एक माणूस ऐकत होता. आमचे हे.

यांचं आयुष्य पॉवरलूमच्या शेडमध्ये हिशेब लिहिण्यात गेलं. त्या खडखडाटात राहिलेल्या माणसांसारखे हेही मोठ्याने बोलतात आणि दुसऱ्याने मोठ्याने बोलावं अशी अपेक्षा करतात. वय वाढलं तसं ऐकायला अजूनच कमी येऊ लागलं. तरी माझा कार्यक्रम सुरू झाला तसा यांनी घरातला जुना रेडिओ पुसून काढला, लालबागच्या आमच्या घरात बराच वेळ सुई फिरवून स्टेशन शोधलं आणि जागा सापडल्यावर बटणावर चिकटपट्टी लावून टाकली. त्याला कोणी हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. दुपारी मी घरी आले की चहाआधीच चुका सुरू. आज घाई केली. ती गोष्ट लांबली. पान उलटल्याचा आवाज आला. मांड्यांचं पुरण सांगायचंच राहिलं. मी चिडायचे. एवढा वेळ उकडत्या डब्यात बसून आल्यावर घरी परीक्षा कोणाला हवी असते?

बाहेर मात्र माझं फार कौतुक व्हायचं. बाजारात, लग्नात, ग्रुपवर, कोणीही भेटलं की, ‘मॅडम, कालचा प्रोग्राम एकदम बढिया.’ आमच्या गावाची ही रीतच आहे. कोणी काही केलं की एकदम बढिया म्हणून मोकळं व्हायचं. न खाल्लेल्या जेवणाला म्हणायचं, न पाहिलेल्या नाटकाला म्हणायचं. त्यात दुष्टपणा नाही. त्यात काहीच नाही, हीच तर तक्रार आहे. अध्यक्ष तर रोज ग्रुपवर लिहायचे, आज का मराठी कार्यक्रम बहोत सुंदर. मी ते वाचून सुखावायचे, खोटं कशाला बोलू?

एका वर्षी पोळ्यानंतर यांच्या चुका काढणं थांबलं. घरी आले की उलट विचारायचे, आज काय वाचलंस? मी सांगायचे, आणि हे म्हणायचे, छान झालं. रोज छान झालं. मला वाटलं, चला, इतक्या दिवसांनी का होईना, घरच्या परीक्षकाने पास केलं. गणपतीत मी विशेष कार्यक्रम केला, तेव्हा ग्रुपवर फुलांचा पाऊस पडला आणि घरीही छानच झालं होतं. आपल्याला आता जमायला लागलं, असं मी मनात म्हणत होते.

त्याच दिवसांत हे ओट्यावर बसायला जाईनासे झाले. फोन वाजला की माझ्याकडे ढकलायचे. बोलताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. शेजारीण एकदा म्हणाली की काका दुपारी मोठ्या आवाजात नुसती खरखर लावून बसतात. तिला मराठी कार्यक्रमाचं वावडं होतं, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. माणूस म्हातारा झाला की घुमा होतो, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दसऱ्याला अध्यक्षांनी नवी गाडी घेतली. झेंडूची माळ घातलेली गाडी शेडच्या आवारात उभी राहिली, नारळ फुटला, आम्हा सगळ्यांना बोलावणं गेलं. अध्यक्षांना गाडीतल्या रेडिओवर आपलं स्टेशन लावून दाखवायचं होतं. त्यांनी बटण दाबलं. खरखर. पुन्हा दाबलं. खरखर. मागे ऑफिसच्या उघड्या दारातून वायरवाल्या स्पीकरवर आमच्याच निवेदकाने लावलेलं गाणं छान ऐकू येत होतं, आणि गाडीत मात्र उकळत्या तेलासारखा आवाज. समितीने सर्वानुमते गाडीला दोष दिला. शोरूमला फोन गेला. मग कोणीतरी आपल्या मोबाइलवर लावून पाहिलं, तिथेही तेच.

आवाज हवेत सोडायचं यंत्र ज्या मागच्या खोलीत होतं, तिच्या दारासमोर रिकामे क्रेट छातीपर्यंत रचलेले होते. ते हलवून आत गेले, तर यंत्राचा प्लग जमिनीवर पडलेला. पोळ्याच्या सुमारास शेजारच्या चेंबरचं थंडीचं मशीन बिघडलं होतं. मेकॅनिकने आपलं हत्यार लावायला तो प्लग काढला आणि काम करून तो निघून गेला. मग हमालांनी क्रेट रचले. त्या दिवसापासून आमच्या स्टेशनातून चकार शब्द बाहेर गेला नव्हता. आम्ही सगळे एका टेबलाशेजारच्या स्पीकरसाठी राबत होतो.

मला राग आला तो मेकॅनिकचा नाही. पोळा ते दसरा, एवढ्या काळात एकाही माणसाने विचारलं नाही की स्टेशन बंद का आहे. उलट रोज बढिया, रोज सुंदर. अध्यक्षांनी आदल्या दिवशीच माझ्या कार्यक्रमाची तारीफ लिहिली होती. मी त्यांना तोंडावर विचारलं की काल नक्की काय ऐकलंत. ते जराही ओशाळले नाहीत. हसून म्हणाले, ‘अहो मॅडम, आप कभी खराब करतीच नाही ना.’ प्लग लावला गेला, आपट्याची पानं वाटली गेली, आणि ही गोष्ट बाहेर काढायची नाही असं ठरलं. मला त्या माणसांची किळस आली, अजूनही येते.

घरी येईपर्यंत माझा सगळा राग एका जागी गोळा झाला होता. बाहेरचे खोटं बोलले ते बोलले, पण घरचा माणूस? मी चप्पल काढायच्या आधीच यांच्या समोर उभी राहिले. मोठ्याने, एकेक शब्द तोडून सांगितलं की पोळ्यापासून रेडिओवर काहीही गेलेलं नाही, यंत्र बंद होतं. तुम्ही रोज छान झालं म्हणत होतात ते कशाला म्हणत होतात?

यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. यंत्रच बंद होतं? मी हो म्हटलं.

‘मंग माह्ये कान नव्हते गेले,’ हे म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू यांनी सांगितलं. पोळ्यानंतर एक दिवस रेडिओ लावला आणि आत मी नव्हते, नुसती खरखर होती. यांना वाटलं, ती खरखर कानातच आहे. आवाज वाढवला, कान लावून बसले, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. स्टेशन बंद असेल हे डोक्यातच आलं नाही, कारण मी तर रोज जाऊन वाचून येत होते. पट्टी काढून दुसरं स्टेशन लावून बघायची छाती झाली नाही. तेही ऐकू आलं नाही तर?

‘वाटलं, आज रेडिओतली तू गेली, उद्या घरातली जाशीन,’ हे म्हणाले. ‘तुले कसं सांगू?’

मी खाली बसले आणि रडले. एवढे दिवस हा माणूस रोज दुपारी रेडिओसमोर बसून माझी वाट बघत होता, आणि मी आपल्या पास होण्यावर खूश होते.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेले आणि करप्याबद्दल वाचलं. गळा बसला होता. घरी आले तेव्हा हे दारातच उभे होते.

‘दोनदा खोकलली,’ हे म्हणाले. ‘अन् करप्याचं पहिलेच सांगून झालं व्हतं. ऐकणाऱ्याले काय वाटन?’

आयुष्यात माझ्या कामाची त्याहून मोठी वाहवा झाली नाही.

पुढे केळीला बाहेरून मागणी वाढली, अध्यक्षांना चेंबर परत हवा झाला, आणि स्टेशन बंद पडलं. माइक काढून तिथे पुन्हा घड रचले. निदान ते पिकतात तरी. तेव्हा ग्रुपवर एका अक्षराने कोणी हळहळलं नाही. आता हळहळतात, कारण आता सत्कार आहे.

काल मी आयोजकाला फोन केला. म्हटलं, भाषण करणार नाही. श्रोता म्हणाल तर एक होता, रोज ऐकायचा, एक दिवस चुकवला नाही. आयोजक खूश झाला, नाव विचारू लागला. मी म्हटलं, पण त्याला माझा कार्यक्रम कधी पसंत पडला नाही, रोज चुका काढायचा. तो म्हणाला, ‘मॅडम, मग राहू द्या. कोणी चांगलं बोलणारा बघतो.’